मागच्या बाकावरचं माहेर

आमच्या घरी गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द आईच्या पोटाचा असतो. मी घरचा कर्ता, बायको शाळेत शिकवते, मुलगी आमच्या दोघांहून हुशार, पण आईच्या पोटापुढे तिघांचंही काही चालत नाही.

तिला गाडी लागते. किती लागते ते ऐका. एकदा तिला एसटीने गोंदियाला डोळे दाखवायला नेलं. आमचं केशोरी गाव सुटायच्या आत तिने पहिली पिशवी भरली. नवेगाव येईपर्यंत माझा रुमाल गेला, माझी टोपी गेली, आणि शेजारी बसलेला धडधाकट माणूस चालत्या गाडीतून उतरायची परवानगी मागू लागला. मग मोटारसायकलचा प्रयोग केला. मी पुढे बसून गोष्टी सांगत कोहमाऱ्याला पोचलो, मागे वळून पाहतो तर आई नाही. नवेगावच्या खड्ड्यांत गाडी हळू झाली तेव्हा ती उतरून गेली होती आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी परत आलो तर म्हणते, "किती हाका मारल्या गा तुले! तुयं बोलनंच सरे ना." यातलं थोडं मी वाढवून सांगतो आहे. नेमकं किती थोडं, ते विचारू नका.

आईचं पोट शांत राहत असे ते एकाच गाडीत. आमच्या जीपडीत.

ही जीपडी बाबांनी लिलावात घेतलेली. दोन्ही बाजूंनी उघडी, वर ताडपत्री, मागे समोरासमोर दोन लांब बाक. डाव्या बाकावर ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा आईची. तिथे वारा असा लागतो की माणसाचे केस धुऊन निघावेत. या जीपडीच्या गोष्टी मी पानठेल्यावर इतक्या सांगितल्या आहेत की आता कोणती घडली आणि कोणती मी घडवली, ते मलाही आठवत नाही. एका लग्नात अख्खी वरात आत बसली, नवरदेव टपावर, बोकड माझ्या मांडीवर आणि मी स्वतः बाहेर लटकून पायाच्या अंगठ्याने स्टेअरिंग धरलेलं. नवेगावच्या जंगलात वाघ बोनेटवर येऊन बसला. हॉर्न बंद होता, म्हणून मलाच डरकाळी फोडावी लागली. वाघ लाजून निघून गेला. लोक हसायचे, मला चहा पाजायचे आणि काडीचाही विश्वास ठेवायचे नाहीत. माझी काही तक्रार नव्हती.

या जीपडीने दरवर्षी दिवाळीत एक काम न चुकता केलं. भाऊबीजेच्या दिवशी आईला माहेरच्या मंडईला नेलं. आमच्याकडे भाऊबीजेपासून गावोगाव मंडया भरतात. दिवसा बाजार, रात्री नाटक, घराघरात पाहुणे. आईचं माहेर कोहमाऱ्याच्या पुढे, गोरेगावकडे. सख्खं असं एकच माणूस आता तिथे उरलं आहे, माझा मामा. त्याचे गुडघे गेलेले, खाटेवरून ओट्यापर्यंत येतो तेच त्याचं तीर्थाटन. तो इकडे येऊ शकत नाही म्हणून आई तिकडे जाते. ती त्याला ओवाळते, जिलेबी खाते, दोघं भांडतात, आणि आई वर्षभर पुरेल एवढी ताजी होऊन परत येते.

दुसरी गाडी म्हणजे बायकोची. पांढरी, बुटकी, गुळगुळीत, विजेवर चालणारी. तिला आई डबी म्हणते. बायको रोज त्या डबीतून अर्जुनीच्या शाळेत जाते, तिचा हप्ता बायकोच्या पगारातून जातो. आई एकदाच त्या गाडीत बसली. गाडी अंगणातून निघायची होती, त्याआधीच उतरली. म्हणाली, "नव्या पिलाष्टिकचा वास येते."

मुलीला नागपूरला प्रवेश मिळाला आणि घरात आनंदाच्या पाठोपाठ हिशेब आला. कॉलेज आणि होस्टेल, दोन्हींचे पैसे एकदमच भरायचे. बायकोने वरणाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "एक गाडी विकायला काढावी लागते."

"डबी काढू," मी लगेच म्हणालो. "हप्ता सुटेल."

"हप्ता सुटेल, अन् जे येईल ते बँक घेऊन जाईल. हातात काय येईल? वर मी शाळेत जाऊ कशी? तुमच्या वाघावर बसून?"

"जीपडीले कोन घेते आता?"

"विचारून तर पाहा."

मी तोंड उघडलं. गेली वीस वर्षं मी ज्या तोंडाने अख्ख्या केशोरीला गुंडाळतो आहे, त्या तोंडात वरणभाताचा घास घातला. हिशेब तिचा खरा होता. आई चुलीजवळ बसून सगळं ऐकत होती. ती उठली, ताटात भात वाढून घेतला आणि म्हणाली, "इकून टाका. मले कोठं जायाचं हाये?"

तेवढंच बोलली. पण त्या रात्रीपासून तिने मामाचं नाव काढणं बंद केलं.

मग मी डोकं चालवलं. दोन्ही गाड्या विकायला काढल्या असं चहूकडे सांगितलं आणि मनाशी ठरवलं, गिऱ्हाईक येईल त्याच्यासमोर डबीचं इतकं कौतुक करायचं की तो तिच्यावर लट्टू झाला पाहिजे. जीपडीचं मात्र जे आहे ते सगळं खरं सांगायचं, कारण तिच्याबद्दलचं खरं ऐकून शहाणा माणूस दहा पावलं मागे सरकला असता. पुढचं पुढे पाहू. बँकेला काहीतरी गोष्ट सांगू.

धानाची रोवणी आटोपली आणि कोहमाऱ्याहून एक ढाबेवाला आला. गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. येताना तो पानठेल्यावर थांबून माझी चौकशी करून आला होता, ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. खाटेवर बसला, दोन्ही गाड्या पाहिल्या.

मी डबीपासून सुरुवात केली. आवाज नाही, डिझेल-पेट्रोलची कटकट नाही, बाई रोज चालवते, एक ओरखडा नाही. सगळं खरं. तो मान डोलवत होता आणि गालात हसत होता.

"और ये?" त्याने जीपडीकडे बोट केलं.

"ही नका घेऊ," मी म्हणालो. "दुसरा गिअर आपला आपण निघून येतो. ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागत नाही. खालचा पत्रा गेला आहे, पायाखालून रस्ता दिसतो. रेडिएटर तर लग्नातल्या जावयासारखा, सारखं पाणी मागतो. इंजिनाचं मी सांगत नाही, तुमचं मन दुखेल."

ढाबेवाला मांडीवर थाप मारून हसला. "भाऊ, पानठेलेवालों ने सही बोला था. ये आदमी जो बोले, उसका उल्टा पकड़ो."

"अहो, हे खरं आहे!"

"हाँ हाँ, वाघ वाला भी खरं है." त्याने खर्रा थुंकला. "आपको देना ही नहीं है. मतलब चीज असली है." आणि त्याने स्वतःहून भाव वाढवला.

मी घाबरून आणखी खरं सांगू लागलो. स्प्रिंगचे पाटे मोडले आहेत म्हटलं, त्याने भाव वाढवला. चेसिसला जोड दिला आहे म्हटलं, त्याने पुन्हा वाढवला. आयुष्यात मी इतकं खरं सलग कधी बोललो नव्हतो, आणि प्रत्येक खऱ्यागणिक जीपडी माझ्या हातून सुटत चालली होती. बायको दारात उभी राहून ऐकत होती. चहा घेऊन आली तेव्हा ट्रेमध्ये दोन कप होते आणि त्यांच्या मधोमध जीपडीची चावी. माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर तिलाही जमलं नसतं.

जायच्या वेळी आई बाहेर आली. बोनेटला हळदकुंकू लावलं आणि ढाबेवाल्याला म्हणाली, "मांगच्या बाकावर बसत जा. तिथी वारा चांगला लागते."

"जी अम्मा," तो म्हणाला. जीपडी धूर सोडत गेली. आवाज गावाच्या टोकापर्यंत ऐकू आला. मुलीची फी भरली.

त्याच आठवड्यात ढाबेवाल्याचा फोन. जीपडी कशीबशी कोहमाऱ्याला पोचली, ढाब्यासमोर आली आणि तिथेच बसली. तिथल्या तिन्ही मिस्त्रींनी हात टेकले.

"आपने तो सब सच बोला था!" तो मला दरडावून म्हणाला, जणू मी त्याचा गळा कापला. "इतना सच कोई बोलता है क्या?"

मी त्याला रेडिएटरमध्ये पाणी घालून पाहायला सांगितलं आणि फोन ठेवला.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी बायको म्हणाली, "आईंना डबीतून नेऊ. मी हळू चालवते." आई नको म्हणेल असं मला वाटलं होतं. पण तिने नवं लुगडं नेसलं, ओवाळायचं ताट फडक्यात बांधलं आणि निमूट पुढच्या सीटवर जाऊन बसली. पोटावर वर्तमानपत्राची घडी, तोंडात लवंग, हातात लिंबू, चारही काचा खाली. मी मागे, मांडीवर पिशव्यांचा गठ्ठा घेऊन.

त्या रस्त्याबद्दल मी फुगवून काही सांगत नाही. नवेगावपर्यंत आई पाचोळ्यासारखी झाली. दर थोड्या वेळाने बायको गाडी बाजूला घ्यायची, मी आईची पाठ धरायचो. एकदा तिने तोंड पुसून विचारलं, "मामाचं गाव आलं का गा?" अजून अर्धासुद्धा रस्ता झाला नव्हता. मी म्हणालो, "आलंच." या एका खोट्यावर तरी तिने विश्वास ठेवावा असं वाटत होतं. तिने ठेवला नाही.

कोहमाऱ्याला हायवेवर बायकोने गाडी थांबवली ती नेमकी त्या ढाब्यासमोर. जीपडी तिथेच होती. चाकं काढून विटांवर ठेवलेली, रंग दिलेला, आणि मागच्या दोन बाकांच्या मधे फळी ठोकून टेबल केलेलं. गिऱ्हाईकं तिच्यात बसून जेवतात. ढाबेवाल्याने पैसे असे वसूल केले होते.

आई डबीतून उतरली, कुणाला न विचारता जीपडीवर चढली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. हायवेवरून ट्रक सुसाट जात होते. प्रत्येक ट्रकबरोबर वाऱ्याचा झोत आत शिरायचा. तिने डोळे मिटले. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "चाल मा. थोडंच राहिलं."

"नाई गा."

"मामा वाट पाहून राहिला."

"डबीत नाई होत आता माह्यानं." ती बाकाच्या कडेवरून हात फिरवत होती. "त्याले फोन लाव. म्हनाव, मी इथंवरच येऊ शकली."

मी फोन लावला. मामाने ऐकलं आणि शिवी देऊन ठेवून दिला. तासाभराने एक ऑटो आला, त्यातून मामाला दोघांनी उचलून उतरवलं. हातात मंडईतल्या जिलेबीचा पुडा. त्याला जीपडीत चढवायला ढाब्याचे दोन आचारी लागले. तो आईसमोरच्या बाकावर बसला, धापा टाकत म्हणाला, "काऊन वं, माहेर आता हाटेलात मांडलं का?"

"तू आला ना मुकाट्यानं?"

"मुकाट्यानं कायचा! गुडघे ओरडून राहिले."

आईने फडकं सोडलं, फळीवर ताट ठेवलं, दिवा लावला. ट्रक गेला, दिवा विझला. पुन्हा लावला. पुन्हा ट्रक. मी दोन्ही हातांनी आडोसा केला, बायकोने पदर धरला, तरी वारा येतच होता. हाच वारा नसता तर आई इथे बसूच शकली नसती, म्हणून त्याला शिवीही देता येईना. शेवटी तिने विझलेल्या वातीनेच ओवाळलं. मामाने टोपी नीट केली आणि मान खाली घातली.

मग दोघं जिलेबी खात भांडत बसले. बाहेर जेवणाची गर्दी वाढत होती. ढाबेवाला दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, फैमिली वाले खड़े हैं. अम्मा कब उतरेंगी?"

मी त्याला काहीतरी सांगणार होतो. नेहमी काहीतरी सुचतं. पण आईने ते ऐकलं होतं.

"थांब गा जरा," ती आतून म्हणाली. "आमी पोचलो नाई आजून."

मी आणखी चार चहा सांगितले.