शेवटच्या पानानंतर

ओल्या शाडूचा वास आला की जोहे गावातली एक दुपार आठवते. माझं नवीन लग्न झालं होतं. सासूबाई कारखान्यात गणपती रंगवायच्या आणि मी शेजारी बसून त्यांना एक कादंबरी वाचून दाखवायचे. अमेरिकेच्या माळरानावरचा घोडेस्वार आणि तिथल्या शाळेतली मास्तरीण यांची. त्या दुपारी दोघांचं लग्न लागलं आणि पुस्तक संपलं. "मंग फुडं?" सासूबाईंनी विचारलं. "संपलं, आई." "असं कसं गो? संसार तर आता सुरू झाला." मग तो आम्हीच मांडला. मी लाकडी घर बांधलं, त्यांनी कोंबड्या आणि दोन मुली दिल्या. रंगत यावी म्हणून मी घोडेस्वाराला पुन्हा दरोडेखोरांमागे धाडायला निघाले, तसा त्यांचा ब्रश थांबला. "नको गो. त्याला म्हातारा होऊ दे." सासरे रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट करून येताना अपघातात गेले होते, तेव्हा माझा नवरा रांगत होता. मी घोडेस्वाराला ओसरीवर बसवून त्याचे केस पिकवले. "बायकोवर खेकसतो काय?" त्यांनी विचारलं. "रोज. च्या गार झाला की." सासूबाई डोळे पुसत हसल्या. आज त्या नाहीत. कादंबरीचं नावही मी विसरले, पण त्या दोघांची म्हातारपणची भांडणं मला अजून पाठ आहेत.