हात पुढं, आवाज मागं

माझ्या वडिलांची कळंबला हमरस्त्याला लागून पिठाची गिरणी होती. सकाळी आठला पट्टा चढायचा आणि दुपारची विश्रांती सोडली तर संध्याकाळी सहाला उतरायचा. गिरणी घराला चिकटूनच, त्यामुळे आमच्याकडे हळू बोलायची पद्धतच नव्हती. आई पोथीसुद्धा ओरडून वाचायची. मी शिक्षिका म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, पोरं बहिरी नाहीत." तोवर मला वाटायचं, सगळे असंच बोलतात.

गिरणी थांबली की आप्पा न्हाणीत जाऊन भुवयांतलं, कानामागचं पीठ धुवायचे, स्वच्छ सदरा घालायचे आणि डेक लावायचे. नव्वदच्या सुमारास त्यांनी तो जुन्नरच्या एका दुकानातून बनवून घेतला होता. ॲम्प्लिफायर वेगळा, कॅसेटचा डेक वेगळा आणि स्पीकरचे दोन लाकडी खोके, माझ्या कमरेएवढे. दुकान एका मुसलमान गृहस्थांचं, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की आठ दिवसांत ते भरून द्यायचे. शेवटी थोडी फीत उरली तर यादीत नसलेलं एखादं गाणं स्वतःच्या मनानं भरायचे. त्यावरून आप्पा प्रत्येक वेळी त्यांच्याशी भांडत, आणि घरी आल्यावर तेच गाणं सगळ्यात जास्त ऐकत.

ऐकायचा नियम होता. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आप्पा डोळे मिटून बसत. टीव्हीवर कधी गाण्याचा कार्यक्रम लागला तर आई पदर खोचून समोर बसायची, आणि आप्पा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करत.

"अहो, बघा तरी, काय सुरेख साडी नेसलीय बाईनं," आई म्हणायची.

"गाणं बघायचं नस्तं," आप्पा भिंतीला सांगायचे. "डोळं उघडलं की कान झोपत्यात."

मला अवसरी बुद्रुकला दिली. माझ्या नवऱ्याचं मंचरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. लग्नाला पाचवं वर्ष चालू होतं. एका सकाळी ते कुणाच्या तरी विहिरीवर मोटार बघायला गेले. त्या वेळी लाइट नसते, असं सगळ्यांनाच पाठ होतं. त्या दिवशी आली.

दिवसकार्य झाल्यावर आप्पा मला कळंबला घेऊन आले. मूलबाळ नव्हतं. सासरचे वाईट नव्हते, सासूबाईंनी जाताना दोन पायल्या बाजरी बांधून दिली. मी रडले नाही. विहिरीवर नाही, घरी नाही, कळंबला आल्यावरही नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची. शाळेत जायचे, फळ्यावर तारीख घालायचे, हजेरी घ्यायचे, परत यायचे. चहात साखर आहे की नाही ते मला कळत नसे. आई विचारायची, "पुरलीय का साखर?" मी म्हणायचे, पुरलीय. संध्याकाळी डेक लागायचा. गाणं चालू आहे एवढं मला समजायचं, जसं पंखा चालू आहे हे समजतं. कॅसेटची बाजू संपली की उठून स्वयंपाकाला लागायचं, एवढाच मला त्याचा उपयोग.

आवाज वाढत चालला होता, तेही मला उशिरा कळलं. समोरच्या घरातली बाई आईला म्हणाली, "वहिनी, आमच्या दाराच्या काचा वाजत्यात, बघा." मग लक्षात आलं, आप्पा बटण शेवटापर्यंत फिरवून पुढं वाकून बसलेत, कपाळाला आठ्या घालून. त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून तपासलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "काम काय करतात?" मी गिरणीचं सांगितल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. कानातलं यंत्र दिलं. आप्पांनी ते आठ दिवस लावलं, एक अख्खी कॅसेट ऐकली आणि काढून माझ्या हातात ठेवलं.

"हे मशीन न्हाय. गिरणीच घातली माझ्या कानात."

सहा-आठ महिन्यांत उरलंसुरलंही गेलं. त्यांनी डेकवर आईचं जुनं लुगडं घातलं. गिरणी मात्र चालूच ठेवली. दळण जाड पडतंय की बारीक, झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायची वेळ झालीय का, हे त्यांना गिरणीच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवला की कळायचं. त्याला कान लागत नव्हते. त्यांच्याशी बोलायचं असेल तर मी शाळेतून आणलेल्या पाटीवर लिहायचे. पण लिहायचं तरी काय? जेवण झालंय. लाइट गेलीय. घरात आम्ही दोघं तासन् तास एका खोलीत बसायचो आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नसे. त्रास आईला व्हायचा.

"जुन्नरला जा," ती एका शनिवारी म्हणाली. "चाचांकडनं ते सीडीचं मशीन आण. ऐकायला येत न्हाई तर बघतील तरी."

चाचांच्या दुकानात कॅसेटी आता एका कोपऱ्यात होत्या, समोर सगळ्या सीडी लावलेल्या. त्यांनी विचारलं, "भाऊ आलं न्हाईत?"

"आप्पांना ऐकू येत नाही, चाचा."

"कमी येतं?"

"काहीच येत नाही."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग एक प्लेअर आणि सहा सीड्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाले, "ह्यातलं चांगलं कुठलं ते मला नको विचारू, बेटा. पहिलं मी ऐकून भरायचो. हे पॅकबंद येतं."

रविवारी दुपारी गिरणी बंद असायची. मी प्लेअर टीव्हीला जोडला आणि आई म्हणाली म्हणून आवाजाची वायर जुन्या ॲम्प्लिफायरला दिली. "आम्हाला तरी ऐकू दे नीट," ती म्हणाली. पहिलीच सीडी भजनाची निघाली. एका डोंगरावर, हिरव्या गवतात पांढऱ्या गाद्या टाकून मंडळी बसलेली. आप्पांनी सवयीनं खुर्ची फिरवली. पण भिंतीकडे तोंड केल्यावर त्यांच्या शेजारीच स्पीकरचा खोका आला, आणि हात सहज त्याच्यावर पडला. थोड्या वेळानं मी पाहिलं तर त्यांनी तळहात सपाट टेकवला होता, गिरणीच्या पेटीवर टेकवतात तसा. मग खुर्ची हळूहळू परत फिरली. हात खोक्यावर आणि डोळे टीव्हीवर.

दुसरं भजन निम्म्यात आलं आणि ते मोठ्यानं म्हणाले, "हा खोटं वाजवतोय."

आई दचकली. "कोण?"

तिचं त्यांना कुठं ऐकू येणार. ते टीव्हीपाशी गेले, पखवाजवाल्यावर बोट ठेवलं. "हात पुढं आन् आवाज मागं. आन् त्या पेटीवाल्याकडं बघ. भाता हालतच न्हाई!"

मी बघितलं. खरंच पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर नुसता ठेवलेला होता. पेटी मात्र भरभरून वाजत होती. गाणं कुठंतरी खोलीत आधी करून घेतलेलं, आणि नंतर या सगळ्यांना डोंगरावर बसवून माना हलवायला सांगितलेलं. मी पाटीवर लिहिलं, बरोबर आहे. आप्पांनी ते वाचलं आणि मांडीवर थाप मारली. त्यांना इतकं खूश मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तो आमचा रविवारचा उद्योगच झाला. सीडी लावायची, आप्पांनी हात टेकवायचा आणि निकाल द्यायचा. खरी सीडी कपाटात ठेवायची, खोटी परत करायची. दर पंधरवड्याला मी खोट्या सीड्यांची पिशवी घेऊन जुन्नरला जायचे. चाचा कपाळाला हात लावायचे. "कान शाबूत व्हते तवा एक गाणं जास्त भरलं म्हणून भांडायचे. आता बहिरे झाले, तर सगळा मालच पकडाय लागले राव!" पण बदलून द्यायचे. पुढं पुढं तर ते स्वतः आधी सीडी लावून भात्याकडे बघायला लागले.

या सगळ्यात मला मजा यायची असं नाही. रविवार जायचा, एवढंच.

पावसाळा संपत आला तेव्हा चाचांनी एक साधीशी सीडी दिली. वर चित्रसुद्धा नव्हतं. कुणीतरी एका वयस्कर बाईंची मैफल एकाच कॅमेऱ्यानं उतरवली होती. उजेड कमी, मधेच लोकांचं खोकणं, एकदा कुणाची तरी पाठ पूर्ण समोर आली. बाई पांढऱ्या केसांच्या, एका साध्या सुती साडीत बसलेल्या. आईनं साडीकडे बघितलं आणि भाजी निवडायला घेतली. आप्पांनी हात टेकवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"खरी हाय," ते म्हणाले. पण उठले नाहीत.

बाई गाता गाता थांबल्या. तोंड मिटलं, नजर खाली, हात मांडीवर. तबला चालू होता. आप्पांच्या बोटाखाली ठेका चालू होता, पण बाईंचं काय झालं ते त्यांना कळेना.

"काय म्हणतीय ती?"

मी पाटीवर लिहिलं, काही नाही. थांबली आहे.

"थांबली म्हंजे? कुठं थांबली?"

मला सांगता येईना. मी त्या खोलीतच होते, पण ऐकलं नव्हतं. प्लेअर मागं घेतला. परत ऐकलं. लिहिलं, वर गेली होती, तिथेच सोडलं.

"कितव्या मात्रेला? नीट ऐक की!"

परत मागं घेतलं. आता मी त्यांच्याकडे न बघता, पाटीही खाली ठेवून ऐकलं. बाईंनी सूर वर नेला होता आणि सम यायच्या जरासं आधी सोडून दिला होता. सम तशीच रिकामी गेली. एक अख्खं आवर्तन त्या गप्प बसल्या आणि पुढच्या समेवर, खालच्या सुरात, जणू मधे काही झालंच नाही अशा आल्या. मी आप्पांचा हात धरला आणि त्यांच्या मनगटावर बोटांनी मात्रा मोजून दाखवल्या, जिथं सोडलं तिथं बोट उचललं. ते माझ्या बोटाकडे बघत राहिले.

"आनखी एकदा," म्हणाले.

अशी ती जागा मी सहा-सात वेळा ऐकली. मधेच लाइट गेली. आप्पा खोक्यावर हात तसाच ठेवून बसले. लाइट आल्यावर सीडी पहिल्यापासून लावली.

तेव्हा मला काही वाटलं का, असं नंतर एका मैत्रिणीनं विचारलं. नाही वाटलं. मात्रा बरोबर मोजल्यात ना, एवढीच काळजी होती. पण पुढच्या रविवारी आप्पांनी दुसऱ्या एका गाण्याचं विचारलं तेव्हा मी ते आधीच ऐकून ठेवलेलं होतं, आणि मी न विचारता लिहायला लागले. पाटी पुरेना म्हणून शाळेतून दुसरी आणली.

आप्पा आणखी चार वर्षं होते. त्यांना पुन्हा कधीच ऐकू आलं नाही. शेवटच्या वर्षी गिरणी भाड्यानं दिली आणि नव्या माणसाला पेटीवर हात ठेवायला शिकवून झालं. चाचा मातीला आले होते, अंगणात आईपाशी बसून गेले. त्यांच्या मुलानं नंतर जुन्नरच्या त्या जागेत मोबाइलचं दुकान टाकलं.

रडू मला आप्पा गेल्यावर वर्षभरानं आलं, शाळेत, मधल्या सुट्टीत. मी चौथीच्या वह्या तपासत होते. कशावरून आलं ते मला आजही सांगता येत नाही, वहीत तर साधा पाढा होता. पानाची शाई फुटली. मी ती वही खिडकीत उन्हाला ठेवली आणि सुट्टी संपल्यावर ज्या मुलीची होती तिला सांगितलं, पाणी सांडलं माझ्याकडून.