आत्याचा घसा बसला नव्हता

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या सिहोऱ्याचे नाही. गावातलं कुणी समोर असतं तर आजही माझी जीभ वळली नसती. नवऱ्याला हे ठाऊक नाही, आईला नाही, बाबांना तर नाहीच — आत्या त्यांची सख्खी बहीण. इतकी वर्षं मी हे गिळून बसले आहे आणि मजेत खाते-पिते आहे, हेही आधीच सांगून टाकते. मी आतल्या आत झुरत होते वगैरे समजू नका.

मी साउंडचं काम करते. गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमात गर्दीच्या मधोमध एक माणूस बटणांच्या टेबलापाशी उभा असतो ना — ती मी. नागपूरला हे शिकत होते तेव्हा जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये कुणाला कळतच नव्हतं, की पोरगी शिकून राहिली तरी काय. बाबांच्या फॅक्टरीच्या बसमध्ये लोक त्यांना विचारायचे, डीजेचा कोर्स करते का? बाबा बिचारे हो म्हणून मोकळे व्हायचे. मला भयंकर राग यायचा. एकदा दाखवते सगळ्यांना, असं वाटायचं. ही दाखवायची खाज फार वाईट.

शेवटच्या वर्षी एक अख्खा कार्यक्रम आपल्या हातानं उभा करायचा होता. स्टेज, दिवे, आवाज, सगळं. तो बघायला आमचे सर स्वतः येणार, त्यावरच पुढचं काम मिळायचं. मी बाबांच्या गावची, सिहोऱ्याची भीमजयंती घेतली. दुसरं काय घेणार होते? तिथे सुजाता आत्या गायची.

आत्या काही शिकलेली गायिका नव्हती. रोवणीला जायची, चिखलात वाकून धानाची रोपं लावता लावता गायची, आणि जयंतीला स्टेजवर भीमगीतं म्हणायची. आवाज जाडाभरडा, पण मोकळा. आणि तिची एक रीत होती — हे नीट ऐका, सगळं यावरच आहे. गाणं रंगात आलं की ती मध्येच थांबायची, हात जोडायची, आणि त्या वर्षी वस्तीतलं जे कुणी वारलं असेल त्याचं नाव माइकवर घ्यायची. पेटीवाला, ढोलकीवाला तिच्यासाठी थांबायचे. मग गाणं पुढे. आपल्या माणसाचं नाव तिच्या तोंडून ऐकायला बाया लेकरं काखेत घेऊन येत.

मी काय केलं? पेटी काढली, ढोलकी काढली. तयार संगीताचा ट्रॅक आणला, गाणाऱ्यानं फक्त त्यावर गायचं. सरांसमोर सगळं कसं घोटीव दिसायला हवं होतं ना. आत्यानं विचारलं, "हे मधात थांबत नाही का वो?" नाही थांबत, मी म्हटलं. "बरं," म्हणाली. भाकरी थापता थापता मोबाइल चुलीजवळ ठेवून ती त्या ट्रॅकवर सराव करायची. कुणासाठी? माझ्यासाठी.

जयंतीच्या दिवशी दुपारी आम्ही साउंडचेक केला, म्हणजे सगळं आधी वाजवून-गाऊन तपासून घेतलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर आत्या सगळी गाणी अशी गायली की मांडववालेसुद्धा हातातलं काम सोडून बघत राहिले. ते मी लॅपटॉपवर भरून घेतलं. तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं. नव्हतं ना? आता खात्रीनं सांगता येत नाही.

संध्याकाळी मैदान भरलं. पहिल्याच गाण्याला आत्या ट्रॅकच्या मागे पडली. अर्धी ओळ, फार नाही. लोकांना त्याचं काय? त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण गर्दीत फिरून ऐकणाऱ्या सरांच्या कपाळावर मला आठी दिसली. दुसऱ्या गाण्याला मी आत्याचा माइक बंद केला आणि तिचा दुपारचा आवाज लावला.

गाणाऱ्याच्या पायाशी एक स्पीकर असतो, त्यातून त्याला स्वतःचं गाणं ऐकू येतं. त्यातही मी दुपारचाच आवाज सोडला, मोठा करून. तिला वाटलं, आपणच गातो आहोत. चेहरा असा खुलला तिचा — आज आपलं जमून राहिलं म्हणून. सर मान डोलवायला लागले. आणि मला, खरं सांगते, लाज नाही वाटली. मला माझंच कौतुक वाटलं.

तिसऱ्या गाण्यात ती थांबली.

ट्रॅक थांबत नाही हे तिला माहीत होतं. पण त्या वर्षी तिची जिवाची मैत्रीण वनिता गेली होती. दोघी एकाच बांधीत, धानाच्या एकाच तुकड्यात, रोवणी करायच्या. ती कशी न थांबणार? तिनं हात जोडले, माइकजवळ तोंड नेलं आणि वनिताचं नाव घेतलं. मला तिचे ओठ दिसले. नाव कुणालाच ऐकू आलं नाही. आणि मोठ्या बॉक्समधून तिचाच आवाज पुढची ओळ गात राहिला, मजेत, टिपेला जाऊन.

आत्यानं माइककडे पाहिलं. मग बॉक्सकडे. मग दूर माझ्याकडे.

मग कुणीतरी ओरडलं, "टेप आहे बे, टेप." मग हशा, मग शिट्ट्या. मी घाईघाईनं सगळंच बंद केलं. जयंती समितीचे अध्यक्ष काका माझ्या टेबलापाशी आले, सरही आले. काय झालं म्हणून विचारलं. एवढंच विचारलं होतं, कुणी काठी नव्हती उगारली. आणि मी — उचलली जीभ, लावली टाळ्याला — म्हणाले, "आत्याचा घसा बसला होता. तिनंच सांगितलं होतं रेकॉर्डिंग लाव म्हणून."

आत्या स्टेजवरून उतरून काकांच्या मागे येऊन उभी होती. तिनं ऐकलं. आता ही बोलणार, आता माझं बिंग फुटणार, म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले.

"हो," ती म्हणाली. "माहा घसा बसला होता. मीच म्हटली पोरीले."

इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली, की ज्याला कान होते त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. कुणाला कळलं नाही. सरांना तर नाहीच. त्यांनी माझी पाठ थोपटली, प्रसंग चांगला सांभाळला म्हणून.

गावात एकदा नाव पडलं की पडलं. ती टेपवाली झाली. पुढच्या जयंतीला समितीनं बाहेरची पार्टी आणली. वनिताची म्हातारी आई आत्याच्या दारात येऊन रडली, "माह्या पोरीचं नाव काहून नाही घेतलं वो तू?" हे मला आईनं सांगितलं, स्वयंपाक करता करता, सहज. घेतलं होतं हो. बंद माइकमध्ये घेतलं होतं. पण हे म्हातारीला कोण सांगणार? आत्या सांगू शकत नव्हती आणि मी सांगितलं नाही. म्हातारी ते न कळताच वारली.

आत्या रोवणीतही गाईनाशी झाली. एकदा आम्ही दोघीच घरी होतो. मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी—" तिनं विचारलं, नागपूरच्या खोलीत पंखा बसवला का? मी पंख्याबद्दल बोलत बसले. तिनं माफ केलं, असं मी तेव्हा धरून टाकलं. तिनं तसं कधी म्हटलं नव्हतं. मला तेच सोयीचं होतं.

गेल्या वर्षी ती वारली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, मग लोक एकेक उठून तिच्याबद्दल चार शब्द बोलू लागले. तिची मुलगी प्रणाली माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "आईनं लोकायले फसवलं, तुह्याही कार्यक्रमाचं वाटोळं केलं. तरी ताई, तू तिले कधी टाकून बोलली नाही." मी तिचा हात दाबला.

तेवढ्यात माइक माझ्याकडे आला. माणसं सगळी तीच होती, तेव्हा हसलेली. मी उठून उभी राहिले. आत्या अंबाडीची भाजी फार चांगली करायची, असं मी सांगितलं. मला पाहिलं की आधी ताट वाढायची, असंही सांगितलं. दोन-तीन बायांनी डोळे पुसले. गाण्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. मग माइक पुढच्या माणसाकडे दिला आणि प्रणालीच्या शेजारी जाऊन बसले.