काकाजींची कुऱ्हाड

ट्रॅक्टरवाल्या भाऊनं जॉयस्टिक माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "घे बे, तूच मार तुह्यं डुक्कर."

पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस खुर्चीतून उठायला तयार नव्हता. त्याच्यामागची रांग आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बसस्टँडपर्यंत गेली असावी. मोजायला मी गेलो नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. घरोघर पाहुणे, दुकानं, नाटक. हेमराजच्या गावच्या मंडईत आम्ही जिलबीच्या दुकानाशेजारी कॉम्प्युटर मांडून आमच्या गेमचं टेस्टिंग करत होतो. टेस्टिंग म्हणजे अनोळखी माणसाला गेम खेळायला द्यायचा आणि आपण तोंड बंद ठेवून बघायचं. मला त्यातलं तोंड बंद ठेवणं जड जात होतं.

पुण्यातल्या नोकऱ्या सोडून मी आणि हेमराजनं हा गेम केला होता. गाव मी रचलं. धानाचे बांध, बोडीतले, म्हणजे शेततळ्यातले, खेकडे, मोहाची झाडं. एक म्हातारी स्क्रीनवरची मोहफुलं वेचायला वाकली, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे तिचा चष्मा पडला होता.

कॉम्बॅट, म्हणजे मारामारी, हेमराजकडे. धानात रानडुकरं घुसली की कुऱ्हाडीनं हाकलायची, तरच गोष्ट पुढे सरकणार. बटण दाबलं की गेममधला माणूस आधी पाय रोवायचा, मग कुऱ्हाड मागे न्यायचा, मग कमरेतून वळायचा, आणि तेव्हा कुठे घाव. एकदा सुरू झाला की थांबता येत नाही, पळता येत नाही. तेवढ्यात डुक्कर दोन धडका देऊन, नागझिऱ्याच्या जंगलात पाणी पिऊन, तिसऱ्या धडकेला परत हजर.

घाव मात्र अस्सल होता. हेमराजनं आपल्या वडिलांना, काकाजींना, अंगणात लाकूड फोडताना कॅमेऱ्यात घेतलं होतं आणि हालचाल जशीच्या तशी उतरवली होती. तसं अ‍ॅनिमेशन जपानातही कुणी केलं नसेल. एवढंच, की लाकूड थांबतं. डुक्कर थांबत नाही.

"मधली चित्रं काप ना बे," मी हेमराजला म्हणालो. अ‍ॅनिमेशन म्हणजे एकामागून एक चित्रं. थोडी कापली की हात झपकन चालतो.

तो काही बोलणार तोच काकाजी पाहुण्यांची चौथी टोळी घेऊन मंडपात शिरले. "हे पाहा जवाईबापू, हा मीच होय. कंबर पाहा कशी वळून राहिली."

हेमराजनं माझ्याकडे पाहिलं. "आता सांग. कापू?"

मी जिलबी खात राहिलो.

पुढच्या आठवड्यात बेंगळुरूहून, जिथे आम्ही गेम पाठवला होता, त्या पब्लिशर मॅडमचा फोन आला. पब्लिशर म्हणजे गेम विकत घेऊन बाजारात आणणारा. आमची सगळी भिस्त या बाईंवर होती. "आपका गाँव छोड़ने का मन नहीं करता," त्या म्हणाल्या. "लेकिन सुअर आया और मैंने गेम बंद कर दिया. लड़ाई ठीक कर दीजिए, हम ले लेंगे."

हेमराजनं चित्रं कापली. त्याच्या घरी बसून मी गेममधल्या शिवारातली सगळी डुकरं लोळवली. गेममधला माणूस माशा मारत असल्यासारखा दिसत होता, पण खेळायला मजा येत होती. तेवढ्यात काकाजी आले. स्क्रीनजवळ वाकले.

"हा कोण होय?"

"तुमीच, बाबूजी."

"माहा हात असा चालते? कायले एवढी घाई करून राहिला हा?"

आणि ते गोठ्याकडे निघून गेले. त्यानंतर कुणा पाहुण्याला त्यांनी कॉम्प्युटरपाशी आणलं नाही.

चार दिवसांनी हेमराजनं सगळी चित्रं परत घातली.

"निम्मी तरी काप," मी म्हणालो.

"नाई."

"मग डुकरंच काढून टाकू."

"मग बाबूजी कुऱ्हाड घेऊन करतील काय? नुस्ते उभे राहतील?"

मी गेम आहे तसाच बेंगळुरूला पाठवून दिला.

मॅडमनं दोन ओळींत नकार कळवला. हेमराज पुण्याला परत गेला. मी गोंदियातच राहून राईस मिलच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. बटण दाबल्याबरोबर आकडा आला पाहिजे, या बाबतीत मी फार कडक आहे. एवढं शिकायला एक अख्खं गाव खर्ची पडलं.

काकाजी अजून तो गेम लावतात. धानाकडे फिरकत नाहीत. गेममधल्या अंगणात जातात, तिथल्या ओंडक्यासमोर उभे राहतात आणि बटण दाबतात. पाय रोवला जातो, कुऱ्हाड मागे जाते, कंबर वळते, घाव बसतो. सगळं अगदी जागच्या जागी.

ओंडका फुटत नाही. तो मी शोभेला ठेवला होता.