एका रविवारच्या बदल्यात

माझा सौदा झाला, आणि तोही हॉलच्या एका रविवारसाठी!

टोकियोजवळच्या ग्योतोकुत आम्हा पुण्या-मुंबईच्या बायकांची बास्केटबॉल टीम होती. इथे सरावाचा सरकारी हॉल लॉटरीने मिळतो, आणि त्या बाबतीत आमचं नशीब कायमचं फुटकं. शेजारच्या जपानी आयांच्या टीमला मात्र दर महिन्याला हॉल लागायचा. पण त्यांची एक खेळाडू नवऱ्याच्या बदलीमुळे क्योतोला गेली आणि त्यांना माणूस कमी पडला. आमच्या कॅप्टनने लगेच जमवलं: एक खेळाडू द्यायची, महिन्याचा एक रविवार घ्यायचा.

"त्यांनी तुलाच मागितलंय," ती मला म्हणाली. "नाहीतरी तू बेंचवरच असतेस ना गं! मी हो म्हणून टाकलंय."

शाळेपासून खेळणारी मी. उंची बेताची, मान्य. पण म्हणून भाजीवर कोथिंबीर द्यावी तसं देऊन टाकायचं? अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन भांडी आपटली. लेकीने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "आई, यू गॉट ट्रेडेड? लाइक अ रियल प्लेयर? सुगोइ!" तिला ते इतकं भारी वाटलेलं पाहून मला हसूच फुटलं.

नव्या टीमच्या कॅप्टनसानना मी माझ्या मोडक्या जपानीत पहिल्याच दिवशी विचारलं, मीच का? त्या म्हणाल्या, "तुम्ही बेंचवरून ओरडता म्हणून." कोण मोकळी आहे, मागून कोण येतंय, हे मी सारखी ओरडून सांगायचे. आमच्याकडे त्याला कटकट म्हणत. ह्या बायका मात्र सरावाच्या मॅचमध्ये कान देऊन ऐकत होत्या. माझं स्पष्ट मत आहे: किरकोळ खेळाडू देऊन टाकण्याआधी ती समोरच्याला का हवी आहे, एवढं तरी विचारावं.

खेळाच्या भरात मला जपानी सुचेना, तेव्हा मी त्यांनाच मराठी शिकवलं. डावीकडे, उजवीकडे, मागे. भराभर शिकल्या हो! आणि मग जुन्या टीमशी मॅच आली. मी "डावीकडे!" ओरडले की समोरच्या बायका आधीच डावीकडे हजर. अरे देवा! त्यांना मराठी येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मध्यंतराला आम्ही चांगल्याच मागे होतो. मी म्हटलं, आता मी सांगेन त्याच्या बरोबर उलट करा. एकीनेही 'का' विचारलं नाही.

पुन्हा "डावीकडे!" ओरडले. माझ्या जुन्या मैत्रिणी घोळक्याने डावीकडे धावल्या आणि उजवीकडून आमचा बॉल बास्केटमध्ये! जिंकलो आम्ही. लेक बाकावर उभी राहून किंचाळत होती. माझी छाती अशी फुगली होती की बस.

जुनी कॅप्टन घाम पुसत आली, ती थेट कॅप्टनसानकडे. "हिला परत द्या. रविवार परत घ्या, वर आमची सगळ्यात उंच खेळाडू घ्या."

कॅप्टनसान माझ्याकडे वळल्या, जराशा वाकल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय? परत जायचंय?"

हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी "नाही" म्हटलं, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, आणि या वेळी त्याचा उलटा अर्थ कुणी काढला नाही.