यादीतल्या अक्का

आमच्या मराठी मंडळीला कशाचीच कमतरता नाही. बेंगळुरूत मराठी ख्रिस्ती मूठभर, पण त्या मुठीत गायकगट आहे, पंचकमिटी आहे, चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. दर रविवारी दुपारी तीन वाजता एका कन्नड मंडळीचं चर्च आम्हाला वापरायला मिळतं. पाळकसाहेबांचा उपदेश बावीस मिनिटांचा असतो. तेविसाव्या मिनिटाला आमचे ज्येष्ठ पंच खोकतात आणि पाळकसाहेब आमेन म्हणतात. पवित्र आत्म्यालाही आमच्याकडे यायचं तर पाचच्या आत आटोपतं घ्यावं लागेल, कारण सव्वापाचला तमिळ मंडळी दारात उभी असते.

मी या मंडळीचा सेक्रेटरी. एचएसआर लेआउटमध्ये राहतो, आठवडाभर कंपनीत लोकांच्या मागे लागून त्यांची अर्धवट कामं पुरी करून घेतो, आणि रविवारी आजाऱ्यांची यादी वाचतो. ही यादी म्हणजे आमची खास प्रथा. कोणी आजारी पडलं की मला कळवायचं, मी नाव लिहायचं, उपासनेत वाचायचं, आणि सगळ्यांनी डोळे मिटून एक मिनिट गप्प बसायचं. संध्याकाळी तीच यादी ग्रुपवर टाकायची. तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि मग आजाऱ्याबद्दलचं आपलं कर्तव्य संपतं. माझा आवाज चांगला आहे. यादी वाचावी ती तुम्हीच, असं मला अनेकांनी सांगितलंय, आणि ते मला आवडायचं, हेही कबूल करतो.

गेल्या वर्षी या यादीत होसकोटेच्या अक्का आल्या. नव्या सभासदांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, ही मंडळी सुरू झाली ती त्यांच्या खोलीत. त्यांचे यजमान बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर होते. निपाणीकडून आलेलं हे जोडपं, दहा बाय बाराची खोली, रविवारी कॉट उभी करून भिंतीला लावायची आणि सतरा माणसं सतरंजीवर बसायची. मी बेंगळुरूत नवा आलो तेव्हा मला टायफॉइड झाला होता. अक्का दोन बस बदलून माझ्या खोलीवर पेज घेऊन यायच्या. त्या काळी आमच्याकडे यादी नव्हती.

यजमान गेल्यावर अक्का शहराबाहेर होसकोटे गावी मुलाकडे गेल्या. तिथे न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांचा मला फोन आला. म्हणाल्या, "बाळा, मला काय नको. पाळकसाहेबांस्नी म्हणावं, जमलं तर एकदा प्रभुभोजन घरी आणा." प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षरस; ज्याला चर्चला येता येत नाही त्याला पाळक ते घरी जाऊन देतात. मी म्हणालो, "नक्की, अक्का." फोन ठेवला आणि लगेच, अगदी त्याच मिनिटाला, यादीत लिहिलं: होसकोटेच्या अक्का, खुबा. काम केल्याचं पूर्ण समाधान मला झालं. पाळकसाहेबांच्या कानावरही घातलं. ते म्हणाले, "जायलाच हवं." त्यांनी ते इतक्या मनापासून म्हटलं, की कोणीतरी जाऊन आल्यासारखंच वाटलं.

मग कोणी का गेलं नाही? कारण आम्ही संजीवन सभेच्या तयारीत होतो. मंडळीत मरगळ आली आहे, असं पंचांच्या ध्यानात आलं होतं, आणि मरगळ झटकायची म्हणजे कमिटी नेमणं आलं. कमिटीच्या सात बैठका झाल्या. बॅनरवर 'जागे व्हा' लिहायचं की 'उठा, जागे व्हा', यावर दीड बैठक. बॅनरवर पाहुण्या वक्त्यांचा फोटो आमच्या पाळकसाहेबांच्या फोटोपेक्षा मोठा असावा की तेवढाच, यावर एक. चौथ्या बैठकीत मी भीत भीत म्हणालो, "आजाऱ्यांच्या भेटींचं काय करायचं?" ज्येष्ठ पंच म्हणाले, "एकदा संजीवन होऊ दे, मग भेटी आपोआप सुरू होतील. आणि होसकोटे म्हणजे किती लांब! ट्रॅफिक बघता ना?" सगळ्यांनी ट्रॅफिकवर एकमताने हळहळ व्यक्त केली आणि आम्ही जेवणाच्या विषयाकडे वळलो. बिर्याणी ठरली.

संजीवन सभेचा रविवार उजाडला. पुण्याहून वक्ते आले होते. चर्च भरलं. मागच्या बाकावर काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. आमच्याकडे नव्या पाहुण्यांना उभं करून गुलाबाचं फूल देण्याची पद्धत आहे. स्वागताला नेमलेल्या मंडळींनी बाईंना अदबीने उभं केलं, फूल दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवत स्वागतगीत म्हटलं. मीही वाजवल्या. बाई वाळलेल्या होत्या, केस पांढरेशुभ्र. फूल हातात धरून त्या आमच्यातल्या एकेकाकडे निरखून बघत होत्या.

मग मी यादी घेऊन उभा राहिलो. तिसऱ्या नावाला म्हणालो, "होसकोटेच्या अक्का, खुबा."

"हाय की मी हितं," मागून आवाज आला.

गुलाब घेतलेल्या बाई उभ्या होत्या. आजारपणाने त्या इतक्या वाळल्या होत्या, की मलाही ओळखू आल्या नव्हत्या. ज्यांच्या खोलीत ही मंडळी जन्मली, त्यांना आम्ही नुकतंच पाहुणी म्हणून फूल दिलं होतं. जमीन दुभंगली तर बरं, असं मला झालं. पण पाहुणे वक्ते कसलेले. त्यांनी माइक उचलला आणि गर्जना केली, "हालेलुया! यादीतलं नाव वाचलं आणि आजारी उठून उभी राहिली! हेच संजीवन!" चर्च टाळ्यांनी दणाणलं. आमच्यासारख्या कोमट लोकांच्या हातून चमत्कार घडला, याचं आश्चर्य एकालाही वाटलं नाही.

अक्कांनी टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाल्या, "मी तीन महिन्यांमागंच उठले. डॉक्टरांनी पट्टी घातली, आन् आमच्या गल्लीतल्या कन्नड मंडळीच्या बाया चार महिने येऊन मला उठवत-बसवत होत्या. तुमचीबी प्रार्थना असंल की." आणि त्या खाली बसल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो मला लागला.

बिर्याणीच्या रांगेत त्यांनी मला गाठलं. "बाळा, मला माझा दाखला दे," त्या म्हणाल्या. सभासदाला दुसऱ्या मंडळीत जायचं असेल तर जुन्या मंडळीकडून दाखला न्यावा लागतो, आणि तो लिहितो सेक्रेटरी. हातातली प्लेट मी तशीच खाली ठेवली. अक्का गेल्या तर या मंडळीत पेज नेणारं शेवटचं माणूस गेलं, एवढं मला त्या क्षणी लख्ख कळलं. कळायला सात महिने आणि एक संजीवन सभा लागली.

दाखल्याचा अर्ज पंचकमिटीपुढे आला. तिथे घोडं अडलं. ज्येष्ठ पंचांनी नियमावली उघडली. "दाखल्यावर 'नियमित उपस्थित' असं लिहावं लागतं. या तर सात महिने गैरहजर." मी चिडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, "त्या अंथरुणावर होत्या. मी दर रविवारी त्यांचं नाव इथे वाचत होतो." मग ज्येष्ठ पंचांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपण त्यांना विसरलो नव्हतो!" सगळ्यांना हायसं वाटलं. पाळकसाहेबांनी सही केली आणि दाखला कुरियरने पाठवावा असं ठरलं. "मी नेऊन देतो," मी म्हणालो. माझ्या डोक्यात होतं की समोर जाऊन विनवलं तर अक्का राहतील.

शनिवारी सकाळी निघालो. आउटर रिंग रोड, के.आर. पुरमचा पूल, मग होसकोटेपर्यंत सरळ रस्ता. अक्का पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या.

"ये की आत. उभा का?" त्यांनी काठी घेतली, स्वतः उठून कॉफी करून आणली.

मी म्हणालो, "अक्का, राहा ना आमच्यात. चुकलं आमचं. माझं चुकलं."

"राहिले असते रे," त्या म्हणाल्या. "मंडळी काय तुझ्या एकट्याची हाय? पण पुन्हा पडले तर हाक मारायला जवळ कोण, ते बघाय नको?" त्यांनी हात पुढे केला. मी दाखला दिला. चष्मा लावून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, 'नियमित उपस्थित' या शब्दांवर थोडं थांबून हसल्या, आणि घडी करून बायबलात ठेवला. मग विचारलं, "प्रभुभोजन न्हाई आणलंस?"

मला सुचलंच नव्हतं. सात महिन्यांपूर्वी त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, आणि पाळकसाहेबांना गाडीत घालून आणायचं सोडून मी कागद घेऊन आलो होतो. मान खाली घालून बसलो. त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

तेवढ्यात शेजारची बाई डब्यात सार घेऊन आली. गल्लीतल्या त्या कन्नड मंडळीतलीच. मला बघून तिने विचारलं, "यारु, अक्का?" कोण हे?

"नम्म चर्चिनवरु," अक्का म्हणाल्या. आमच्या चर्चचे. आणि डबा घेता घेता पुढे म्हणाल्या, मला बघायला आलेत.

शेजारणीच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर दिसू लागला. "अय्यो, अष्टु दूरदिंदा?" इतक्या लांबून?

मी मान डोलावली. पन्नास मिनिटं लागली होती.