वस्तीनं सांभाळलेला रोजा

त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला रोज्याची भीती वाटली. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांचा चुना अजून ओला होता, विहिरी मात्र केव्हाच आटल्या होत्या. माझे अब्बा देवणीत बैलांना नाल ठोकायचे. भर उन्हात बैलाचा पाय धरून बसायचे, पण त्यांनी कधी रोजा सोडला नाही. दुष्काळात लोकांनी बैलच विकले आणि मी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागलो.

दिवसभर गावोगाव पाणी वाटायचं आणि आपण थेंबही घ्यायचा नाही. मौलवीसाहेबांनी समजावलं होतं, प्रवाशाला सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर पुरे कर. ती सवलत अल्लाहचीच, हे मला ठाऊक होतं. पण तहानेल्या लोकांना पाणी देताना आपणही तहानेलं असावं, यात मला रोज्याचा खरा अर्थ सापडत होता. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. बायको मात्र पहाटे, रोजा धरण्याआधी, सहरीला भाकर वाढताना रोज एकच विचारायची, "गाडी चालवता चालवता चक्कर आली तर?" मी रोज्याची नियत करायचो, मनाशी संकल्प धरायचो आणि पुढचं अल्लाहवर सोपवायचो.

एक दिवस संध्याकाळी चक्कर आलीच. देवणीच्या पुढे एका गावाची बौद्ध वस्ती होती, तिथं आदल्या दिवशी टँकर पोचला नव्हता. वस्ती समोर दिसत असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा ब्रेक लावला, खाली उतरलो आणि लिंबाखाली कोसळलो. पाण्यानं भरलेली गाडी शेजारी उभी होती आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. आता रोजा जातोय, एवढंच मनात आलं आणि रडूच कोसळलं.

घागरी टाकून माणसं धावत आली. कुणीतरी मायेनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पाण्याचा तांब्या ओठांना लावला. हात हलवून नको म्हणायचीही ताकद माझ्यात नव्हती. तेवढ्यात एका म्हातारीनं तो तांब्या बाजूला सारला.

"आरं, पाजू नका त्येला! रोजा हाय त्येचा. मी रोज बघून राहिले, लेकरू आपल्याला पाणी देतंय अन् सोता पीत न्हाई."

"मावशे, मरंल की त्यो!" तांब्या धरलेला माणूस म्हणाला.

"मरू देते व्हय मी? डोक्यावर घाला पाणी, त्येनं रोजा मोडत न्हाई." टँकरचा नळ माझ्याशिवाय कुणी उघडत नसे, म्हणून तिनं घरातून कळशी आणवली आणि माझ्या डोक्यावर, मानेवर, तळपायांवर हळूहळू रिती केली. शेजारची बाई कळवळून म्हणाली, "मावशे, तुझं प्यायचं पाणी गं!"

"त्येनंच आणल्यालं हाय परवा," मावशी म्हणाली.

अंगात जीव आला तसा मी उठून बसलो. मावशीला सांगितलं, अजून जीव घाबरला तर मी पाणी पिईन, अल्लाह समजून घेईल. ती म्हणाली, "थांब जरा. बुडतोयच आता दिस." मी टँकरचा नळ सोडायला सांगितलं. घागरी भरल्या, लेकरं ओंजळी लावून पाणी प्यायली. मोठी माणसं मात्र भरल्या घागरी घेऊन माझ्याभोवती बसून राहिली. मला कळेना. मी म्हटलं, "प्या की, कालपासून तहानेले आहात."

मावशी म्हणाली, "तुझा रोजा सुटू दे, मग पिऊ."

इतकी माणसं, ओठ फुटलेले, हातात पाणी, आणि सगळ्यांची नजर मावळतीकडे. तिथं अजान ऐकू येत नव्हती. सूर्य पूर्ण बुडाला तसं मी मान हलवली. मावशीनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तांब्या दिला. मी बिस्मिल्लाह म्हणून पहिला घोट घेतला आणि मग सगळी वस्ती प्यायली.

त्या रमजानचे सगळे रोजे पार पडले. मावशी आता नाही. दर इफ्तारीला पहिला घोट घेण्याआधी मी तिच्यासाठी दुआ मागतो. जे अल्लाहवर सोपवलं होतं, ते त्यानं तिच्या हाती दिलं होतं. मी रोजा धरला होता, हे खरं. पण माझे हात सुटले तेव्हा तो तिनं धरून ठेवला.